गाडी विकली, नाव मात्र माझंच

प्रश्न : जुनी वॅगन-आर एजंटाला विकली. पैसे मिळाले, पण आरसी अजून माझ्याच नावावर. विचारलं की ‘होईल हो साहेब’. दिल्लीच्या स्फोटानंतर धास्ती वाटते. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : धास्ती वाटायलाच हवी. १० नोव्हेंबर २०२५ ला लाल किल्ल्याजवळ फुटलेली आय-ट्वेंटी बऱ्याच हातांतून फिरली होती. पोलिसांना आधी जुन्या मालकाकडे जावं लागलं. उलट १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या वेळी वरळीत टाकून दिलेल्या मारुती व्हॅनच्या नोंदणीवरूनच तपास माहीमच्या मेमन कुटुंबापर्यंत पोचला. नोंद खरी असली की धागा हाती लागतो.

आरटीओच्या खिडकीमागे माझी नोकरी गेली, म्हणून सांगतो : मालकी बदलाच्या कोऱ्या फॉर्म २९-३० वर सह्या करून एजंटाच्या हाती दिल्या असतील (देतातच लोक!), तर त्या फॉर्मवर कुणाचंही नाव पडू शकतं. कायद्याने राज्यातल्या विक्रीची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत द्यायची असते. मुदत टळली असली तरी आजच आरटीओत लेखी कळवा : गाडी कुणाला, कधी दिली, पैसे कसे आले. पोच-शिक्का घ्या. एजंट नोंदणीकृत डीलर असेल तर २९-सी फॉर्म (गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची खबर) भरला का, विचारा. टाळाटाळ केली तर पोलीस ठाण्यात अर्ज द्या, त्याचीही पोच ठेवा. आणि फास्टॅग? तो अजून तुमच्याच खात्याला जोडलेला असणार. आधी तो बंद करा.