प्लेट काउंट शून्य, तरी स्टॅफचं टॉक्सिन पॉझिटिव्ह. फॉल्सच ना?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पुण्यातली छोटी लॅब, पनीर आणि मावा मोदकाचे नमुने, प्लेटवर स्टॅफ ऑरियस या विषबाधेच्या जंतूची एकही कॉलनी नाही आणि एलायझात, म्हणजे अँटिबॉडीने पकडून रंग दाखवणाऱ्या चाचणीत, त्याचं विष एंटरोटॉक्सिन पॉझिटिव्ह. मग हे फॉल्सच ना, आणि टाळायचं कसं?

त्या ‘च’वरच माझं जुनं भांडण आहे. दूध उकाड्यात तासन् तास बाहेर राहिलं, स्टॅफ ग्रॅममागे लाखाच्या पुढे गेला, टॉक्सिन सोडून बसला आणि मग ते दूध कढईत गेलं. आटवताना जंतू मेले, टॉक्सिन उरलं. जंतूंची प्लेट कोरी आणि एलायझाची वेल (नमुना घालायचा खळगा) पिवळी, दोन्ही खरं असू शकतं.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात एका लॅबमध्ये माव्याचे दोन नमुने एकाच एलायझा प्लेटवर होते. एकाचा काउंट शून्य, दुसऱ्याचा भरमसाट, दोन्ही पॉझिटिव्ह. साहेबांनी पहिला ‘फॉल्स’ म्हणून बाजूला सारला, दुसऱ्यावर सही ठोकली. कंट्रोल वेल लावल्यावर नेमकं उलटं निघालं. कारण प्रोटीन ए. स्टॅफच्या भिंतीवरचं हे प्रोटीन अँटिबॉडीला तिच्या शेपटीकडून, म्हणजे एफसी भागाला, धरतं. टॉक्सिन नसलं तरी वेलच्या तळाची अँटिबॉडी आणि वरचा कॉन्जुगेट (रंग आणणारं एन्झाइम जोडलेली अँटिबॉडी) यांच्यामध्ये तोच पूल बनतो. सशाची आयजीजी (रक्तातली मुख्य अँटिबॉडी) तर त्याला फारच आवडते. म्हणजे काउंट जितका जास्त, तितका पॉझिटिव्हवर संशय घ्यायला हवा. लोक बरोबर उलटं करतात.

उपाय महाग नाही. किटमधली अँटिबॉडी ज्या प्राण्याची, त्याच जातीच्या, पण लस न टोचलेल्या प्राण्याची साधी आयजीजी काही वेल्सना कोट करा (याच कंट्रोल वेल) आणि नमुन्याचा तोच अर्क त्यातही घाला. तिथेही रंग आला तर तो टॉक्सिनचा नाही. मग अर्कात त्याच प्राण्याचा नॉर्मल सीरम १, ५, १० टक्के असा घालून अर्धा तास ठेवा आणि कंट्रोल वेलमधला रंग कुठे थांबतो ते बघा. सीरममध्येच कधी स्टॅफविरोधी अँटिबॉडी असतात आणि त्या खरं टॉक्सिन गिळतात, म्हणून माहीत असलेलं टॉक्सिन घातलेला एक स्पाइक सोबत हवाच. किट नव्याने घेणार असाल तर कोंबडीच्या अँटिबॉडीचं किंवा एफसी कापलेल्या अँटिबॉडीचं बघा, प्रोटीन ए त्यांना चिकटत नाही.

दुसरा चोर पेरॉक्सिडेज, कॉन्जुगेटवर रंग आणणारं एन्झाइम हेच. पनीर-माव्यात तो तापून गेलेला असतो, पण कच्चं दूध, चीक, मुळ्याची कोशिंबीर यांत भरपूर. एका वेलमध्ये नमुना घाला, धुवा, कॉन्जुगेट वगळून थेट टीएमबी (पेरॉक्सिडेजने रंगणारं रसायन) घाला. रंग आला की समजा, तो नमुन्यातल्याच पेरॉक्सिडेजचा. त्यावर उपाय म्हणून अर्क उकळू नका, टॉक्सिन वाचलं तरी अँटिबॉडीला ते ओळखू येईनासं होतं. सोडियम अझाइडने पेरॉक्सिडेज थांबतो, पण कॉन्जुगेट घालण्याआधी अझाइड पूर्ण धुऊन काढा. राहिलं तर कॉन्जुगेटचाच पेरॉक्सिडेज मरतो, सगळी प्लेट निगेटिव्ह येते आणि ऑफिसात सगळे खूश.

अर्क काढताना घाई दिसते. २५ ग्रॅम नमुना, ३८ अंशांचं ४० मिली पाणी, अर्धा तास हलवणं, मग हायड्रोक्लोरिक ॲसिडने पीएच ३.५ ते ४, म्हणजे केसीन हे दुधातलं प्रोटीन खाली बसतं. सेंट्रिफ्यूज केल्यावर वरच्या चरबीच्या थराखालचं पाणी घ्या आणि पीएच परत ७.५च्या आसपास आणा. इथे गढूळपणा आला तर पुन्हा फिरवा. गढूळ अर्क वेलला चिकटतो आणि कितीही धुतलं तरी ब्लँक (टॉक्सिन नसलेल्या वेलचा रंग) वर जातो. धुताना वेल काठोकाठ भरा आणि दर वेळी प्लेट टिश्यूवर उलटी आपटा. हळुवार टेकवून काही होत नाही.

कटऑफ, म्हणजे पॉझिटिव्हची सीमारेषा, किटच्या बफरवर ठरवू नका. टॉक्सिन नसल्याची खात्री असलेला मावा घेऊन त्याचा अर्क नमुन्यांसारखाच काढा आणि ब्लँक म्हणून तो लावा. पीसीआरने, म्हणजे जीन शोधणाऱ्या चाचणीने, ‘खात्री’ करणाऱ्यांना एवढंच सांगतो: जीन सापडला म्हणजे टॉक्सिन बनलं असं नाही. खात्री वेगळ्या अँटिबॉडीच्या किटने किंवा मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूच्या वजनावरून ओळख पटवून) होते.

वर मी जोरात बोललो, पण एक राहिलं. प्रोटीन एसुद्धा उष्णतेला चिवट आहे, मेलेल्या पेशींतूनही ते अर्कात उतरतं. त्यामुळे तुमच्या शून्य काउंटच्या नमुन्यालाही कंट्रोल वेल लावाच. आणि मालकाने ‘पुन्हा लावा’ म्हटलं तर नवे २५ ग्रॅम घेऊन नवा अर्क काढा, पण जुना निकाल रजिस्टरमधून खोडू नका.