प्रवासाचं विचारा : यॉर्कटाउन सोडू नका, भाऊ

प्रश्न : ताई, मी वीज खात्यातून निवृत्त, वय ६८. मुलगा व्हर्जिनियात, रिचमंडला असतो. जूनमध्ये आम्ही दोघं दोन महिन्यांसाठी जातोय. तो म्हणतो, तासाभरावर जेम्सटाउन, विल्यम्सबर्ग आणि यॉर्कटाउन अशी तीन जुनी गावं आहेत, पण पहिली दोन पुरे, यॉर्कटाउनला नुसती मैदानं. हिचे गुडघे दुखतात. आणि खरं सांगायचं तर अमेरिकेच्या इतिहासातलं आम्हाला ओ की ठो कळत नाही. जावं का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : जा भाऊ, आणि यॉर्कटाउनला आधी जा. माझी लेकही रिचमंडलाच आहे. तीन खेपा झाल्या माझ्या. पहिल्या खेपेला आमचे जावईही हेच म्हणाले होते, 'आई, तिथे गवत आहे नुसतं.'

गवत आहेच. पण मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. लॉर्ड कॉर्नवॉलिस, कायमधारा (बंगालची जमीनसाऱ्याची पद्धत), १७९३, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. हाच गडी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला वॉशिंग्टनसमोर हरला, हे मात्र एकाही पोराला सांगितलं नाही, कारण माझ्याच डोक्यात ते दोन वेगळे कॉर्नवॉलिस होते. फ्रेंच आरमाराने समुद्राकडची वाट अडवली, जमिनीवरून अमेरिकन आणि फ्रेंच फौजांनी वेढा घातला. शरणागतीच्या दिवशी साहेबांनी तब्येतीचं कारण सांगितलं आणि तलवार द्यायला हाताखालच्या ओहारा नावाच्या सेनापतीला पाठवलं. पुढे पाच वर्षांत हेच साहेब गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे हजर! १७९२ ला श्रीरंगपट्टणला टिपूला नमवलं तेव्हा त्यांच्या बाजूला निजाम होता आणि आपले मराठेही होते. १८०५ मध्ये गाझीपूरला वारले, कबर तिथेच आहे. तेव्हा ओ की ठो कळत नाही म्हणू नका. अर्धी गोष्ट तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे.

यॉर्कटाउनला नदीकाठी कॉर्नवॉलिसच्या फौजेचे मातीचे दोन बुरूज पुन्हा उभारलेत, नऊ आणि दहा नंबरचे. १४ ऑक्टोबरच्या रात्री नऊवर फ्रेंच चढले, दहावर अमेरिकन. आमचे हे दहा नंबरपाशी बराच वेळ उभे होते. म्हणाले, 'आपल्या सीताबर्डीला १८१७ ची लढाई झाली, पण किल्ला बघायला झेंडावंदनाच्या तारखा धरून बसावं लागतं. इथे बघ, कुणी हटकत नाही.' बरोबरच होतं म्हणा.

आता जेम्सटाउन, इंग्रजांची अमेरिकेतली पहिली टिकलेली वसाहत. इथे मी फसले, तुम्ही फसू नका. जेम्सटाउन दोन आहेत, अगदी शेजारी शेजारी. एक 'जेम्सटाउन सेटलमेंट', राज्य सरकारचं संग्रहालय. तिथे १६०७ साली इंग्रज ज्या तीन जहाजांतून आले त्यांच्या प्रतिकृती पाण्यात उभ्या आहेत, त्यांवर चढता येतं. दुसरं 'हिस्टॉरिक जेम्सटाउन', म्हणजे खरी जागा, बेटावरची. मी पहिल्याचं तिकीट काढून दुसऱ्याच्या दारात उभी होते आणि तिथल्या बाईशी माझ्या इंग्रजीत वाद घालत होते. लेक गाडीत तोंड लपवून बसली होती.

वेळ कमी असेल तर खरी जागा बघा. इंग्रजांनी इथे बांधलेला किल्ला नदीने गिळला असं सगळे धरून चालले होते. १९९४ ला खोदकाम सुरू झालं आणि बराचसा किल्ला जमिनीतच सापडला. १६०९-१० च्या हिवाळ्यात तिथे असा उपास पडला की तीनशेच्या आसपास माणसांतली साठेक उरली. तिथल्याच संग्रहालयात चौदा वर्षांच्या एका मुलीची कवटी आहे, तिच्यावर सुरीच्या खुणा आहेत, भुकेल्या माणसांनी तिचं मांस खाल्लं त्याच्या. वहिनींना आधी सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं, तर ह्यांनी दुपारच्या पुऱ्या डब्यातच ठेवल्या.

बेटाच्या तोंडाशी काचेची भट्टी आहे. १६०८ मध्ये इथे काच करायचा प्रयत्न झाला होता, त्या भट्ट्यांचे अवशेष बाजूलाच जपलेत. जुन्या वेशातला कारागीर लांब नळीच्या टोकाला काचेचा गोळा घेतो. तो गोळा गुळाच्या पाकासारखा लोंबत असतो, नळी फिरवायची थांबली की खाली ओघळतो. तो फुंकतो, फिरवतो, चिमट्याने मान काढतो आणि बघता बघता सुरई तयार.

तिथून निघताना जेम्स नदीवरची फेरीबोट सोडू नका. आपल्या गाडीसकट पलीकडे नेते, पैसा लागत नाही. पाऊण तासात जाऊन-येऊन होतं आणि गुडघ्यांना आराम.

विल्यम्सबर्गला मात्र वेगळा दिवस द्या. १६९९ ते १७८० ही व्हर्जिनियाची राजधानी होती. १९२६ पासून रॉकफेलर नावाच्या धनाढ्याच्या पैशाने अख्खं गाव जुन्यासारखं उभं केलं. मधला रस्ता मैलभर, पण सपाट, आणि दिवसा मोटारी नाहीत. रस्त्यावर हिंडायला तिकीट नाही, घरांच्या आत जायला आहे. तिकीट असलं की त्यांच्या बसने फिरता येतं, वहिनींसाठी ते घ्याच. लोहार, छापखाना, विग करणारे, सगळे खरोखर काम करत असतात. मला वीटभट्टी आवडली. उन्हाळ्यात चिखल तुडवायला लोकांना बोलावतात. मी साडी खोचून उतरले! एक गोष्ट तिथल्या माणसाला आवर्जून विचारा : त्या काळी गावातली निम्म्याहून जास्त माणसं काळी होती, बहुतेक गुलाम. एवढ्या देखण्या घरांत राबत कोण होतं, ते नीट सांगतात.

नागपूरचा मे काढलेल्या माणसाला ऊन काय सांगायचं, पण तिथला जुलै दमट आहे, घाम वाळत नाही. सकाळी नऊला पोचा, दोनला घरी. डबा घरचाच न्या.

प्रश्न : अकरा वर्षांचा नातू सोबत असेल. इतिहास म्हटलं की तोंड वाकडं करतो.
– एक आजी, महाल

उत्तर : तीन गावांना जोडणारा २३ मैलांचा कलोनियल पार्कवे आहे, झाडीतला. त्यावरून न्या, आणि दुसऱ्या दिवशी विल्यम्सबर्गजवळच्या बुश गार्डन्समध्ये रोलर कोस्टरवर सोडा. सौदा ठरवून घ्या : आधी जहाजं, मग झोके.

प्रश्न : आम्हाला डिसेंबरातच सुट्टी मिळते. फायदा आहे का?
– मेडिकल चौकातून

उत्तर : गर्दी असते, थंडीही. पण विल्यम्सबर्गच्या दारांवर तेव्हा खऱ्या फळांची तोरणं लावतात : सफरचंद, अननस, संत्री. आमच्या ह्यांनी एका दारावरचं संत्रं बोटाने दाबून पाहिलं, साल जाड आहे म्हणाले, आणि पुढच्या दाराकडे निघाले.