हिरव्या खुणांची थकबाकी

"मावशी, सलाम. मी जरीपटक्याला राहते, वय ४१, एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स. महिन्यातल्या दहा तरी नाइट असतात. १ जानेवारीला आमच्या चर्चच्या महिला मंडळानं 'वर्षात बायबल' सुरू केलं. रोजचे अध्याय वाचायचे आणि व्हॉट्सॲपवर हिरवी खूण टाकायची. गट मोठ्या नणंदबाई चालवतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या ११व्या अध्यायात अडकले आणि तेव्हापासून न वाचताच खूण टाकतेय. आता अर्धा मे सरला, गट ईयोबाच्या पुस्तकावर आहे. कधी नेटानं वाचायला बसलेच, तर अर्ध्या तासानं काय वाचलं ते आठवत नाही. ड्यूटीवरची केरळची सिस्टर चहाच्या सुट्टीत पाच-सहा ओळीच वाचते, त्याच पुन्हा पुन्हा. याला लेक्सिओ दिविना म्हणतात, असं तिनं सांगितलं. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, ते कॅथलिकांचं, आपलं नाही, आणि आळशी माणसाची पळवाट आहे. मावशी, माझा विश्वास आटला का? गट सोडू का?"
— थकलेली

(वस्तीचं नाव मी बदललंय. नणंदबाईंनी शोधत बसू नये.)

थकलेल्या बाई, सलाम.

आधी हिशेब करू, कारण तुला हिशेबानंच छळलंय. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, ३६५ दिवस. म्हणजे रोज सव्वातीन अध्याय. त्या मानानं आज तुझ्या नावावर तीनशेच्या वर अध्याय चढलेत. ते तू भरून काढणार नाहीस, आणि काढूही नकोस. नाइट करून आलेल्या बाईनं सकाळी सात वाजता शुद्ध-अशुद्ध प्राण्यांची यादी वाचावी आणि ती लक्षात राहावी, ही अपेक्षा कोणी केली? देवानं केल्याचं मला तरी कुठं सापडलेलं नाही.

पण तू अडकलीस ती जागा मात्र मोठी गमतीची आहे. लेवीय ११ मध्ये कुठले पशू चालतात? ज्यांचे खूर दुभंगलेले आहेत आणि जे रवंथ करतात ते. तुझी केरळची सिस्टर वाचते त्या रीतीला जुन्या मठांतले साधू रवंथच म्हणायचे. गाय चरताना भराभरा गिळते, मग सावलीत बसून तेच पुन्हा तोंडात आणून चघळते. तुझं चरणं चाललंय, सावलीत बसणं राहिलंय. तू ज्या पानावर थांबलीस त्याच पानावर औषध लिहिलेलं होतं बघ.

आता 'आपलं नाही' याबद्दल. बाराव्या शतकात गिगो नावाच्या फ्रान्समधल्या एका साधूनं या वाचनाच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवापुढे नुसतं असणं. त्यानं त्या जेवणाच्या भाषेत सांगितल्या. वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे चावणं, प्रार्थनेत चव कळते आणि चौथी पायरी म्हणजे तो गोडवाच. माणूस कॅथलिक होता, हे खरं. पण पहिलं स्तोत्र तर ताईंचंही आहे ना? त्यात नीतिमान माणूस रात्रंदिवस नियमशास्त्राचं मनन करतो, असं आहे. तिथलं मूळ हिब्रू क्रियापद पुटपुटण्याचं आहे. यशयाच्या पुस्तकात, ३१व्या अध्यायात, तेच क्रियापद शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहाला लावलंय. म्हणजे ओठ हलले पाहिजेत, घशातून आवाज निघाला पाहिजे. कॅथलिक-प्रॉटेस्टंट ही भांडणं त्याच्या कितीतरी शतकांनंतरची.

ताईंना रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीही आठवण करून दे. १८९३ साली राजनांदगावला जाताना रेल्वेत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. ते वाचत वाचत येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले, आणि तिथून त्यांचा पाय निघेना. मत्तयाचे तीन अध्याय! तेव्हा कुणी खूण मागितली असती तर टिळक मागे पडलेल्यांत निघाले असते.

मी मात्र साळसूदपणा करणार नाही. मी स्वतः वर्षात बायबल दोनदा संपवलंय आणि त्याची फुशारकीही मारलीय. मग एकदा नातीनं विचारलं, आजी, ओबद्या काय सांगतो गं? एकच अध्याय, २१ वचनं. मला एक आठवेना. तरी ते वाचन वाया गेलं असं नाही म्हणवत. कुठलं पुस्तक कुठं बसतं, कुणानंतर कोण आलं, हे त्यानंच कळलं. फक्त ते पोट भरणारं वाचन नव्हतं.

आता तुझ्यासाठी उतारा सांगते. 'पहिला राजे' हे पुस्तक, अध्याय १९, वचनं ४ ते ८. पाचच. पुढचे सात दिवस तेवढंच.

नाइट संपवून आलीस की वाचू नकोस, झोप. उठल्यावर, डब्याची घाई सुरू व्हायच्या आधी, दहा-पंधरा मिनिटं काढ. फोन दुसऱ्या खोलीत. बायबल छापील घे. आणि मोठ्यानं वाच, कूलरच्या घरघरीत तुझं तुला ऐकू येईल इतपत. वेग कसा ठेवायचा ते तुला कोणी शिकवायला नको. डॉक्टरांची ऑर्डर तू उडत उडत वाचतेस का? दशांश चिन्ह कुठंय ते तीनदा बघतेस. तसंच हे.

एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसलाय आणि म्हणतोय, आता पुरे, माझा जीव घे. आणि झोपतो. देवदूत येऊन त्याला हात लावतो, म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. आपल्याकडचा रोडगाच समज. मी गेल्या वर्षी हाच उतारा मेच्या उन्हात आठवडाभर धरला होता. पहिले दोन दिवस काहीही झालं नाही, खरंच सांगते. तिसऱ्या दिवशी एका गोष्टीपाशी अडखळले: खाऊन-पिऊन तो पुन्हा आडवा होतो आणि त्याला कोणी रागवत नाही. इतकी वर्षं वाचला होता हा अध्याय, हे दिसलंच नव्हतं. चौथ्या दिवशी 'दुसऱ्यांदा' या शब्दापाशी थांबले. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा हात लावतो, पुन्हा खा म्हणतो, कारण वाट लांबची आहे. पाचव्या दिवशी डोक्यात फक्त भाजीवाल्याचे उरलेले पैसे. असं होतंच.

तुला कुठला शब्द अडवेल ते मला माहीत नाही. अडवला की तिथं थांब, पुढं जायची घाई नको. तोच ओठांवर घोळव. मग त्यातून जे वर येईल ते देवाला सांग, तक्रार आली तर तक्रार. एलीयानं कुठं गोड प्रार्थना केली होती? आणि शेवटी दोन मिनिटं काहीच बोलू नकोस. डुलकी लागली तरी चालेल, या उताऱ्यात ती बसते.

दोन गोष्टी मात्र सांभाळ. एक, हे शकुन बघणं नव्हे. डोळे मिटून पान उघडायचं, बोट ठेवायचं आणि 'देव आज मला हेच म्हणाला' असं करायचं नाही. म्हणून मधे एक दिवस मागचा १८वा अध्याय सरळ वाचून काढ, नेहमीच्या वेगानं. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या ४५० संदेष्ट्यांपुढे हा माणूस एकटा उभा राहिला होता. त्यानंतर ईजबेल राणीनं जीव घेण्याची धमकी दिली आणि तो पळत सुटला. एवढं माहीत असलं म्हणजे त्याचा थकवा नुसता आळस वाटत नाही.

दुसरी गोष्ट, एलीयासारखं 'आता पुरे' तुझ्याही मनात रोज येत असेल, झोप-भूक उडाली असेल, तर ते फक्त देवाला सांगून थांबू नकोस. तुझ्याच हॉस्पिटलात डॉक्टर आहेत. पेशंटला जे सांगतेस ते स्वतःला सांग.

विश्वास आटलाय का म्हणतेस? मला नाही वाटत. आटला असता तर खोट्या खुणा इतक्या बोचल्या नसत्या. पण त्या खोट्या आहेत, तिथं मी तुझी बाजू घेणार नाही. आजपासून एकही टाकू नकोस. गट सोडायची गरज नाही, पण गटावर जाहीर कबुली वगैरेही नको. त्याचा तमाशा होतो, मग सगळ्या जणी हात जोडलेली चित्रं पाठवत बसतात. रविवारी उपासनेनंतर ताईंच्या घरी जा आणि समोर बसून सांग: "ताई, फेब्रुवारीपासून माझ्या खुणा खोट्या होत्या. तुम्हाला फसवलं, माफ करा. मी यापुढे थोडंच वाचणार आहे, पण वाचणार आहे." त्या रागावतील. रागवू दे, तो त्यांचा हक्क आहे. आळशी म्हणाल्या तर वाद घालू नकोस. पाच वचनं त्यांच्यापुढे ठेव आणि म्हण, एकदा माझ्यासोबत मोठ्यानं वाचता का? येतील, न येतील.

आणि त्या केरळच्या सिस्टरला हाच उतारा दाखव. ती मल्याळममधून वाचू दे, तू मराठीतून वाच, चहा संपेपर्यंत. त्या निखाऱ्यांवरच्या भाकरीला तिच्या बायबलात काय म्हटलंय ते विचारून घे आणि मला कळव.

तुझी,
मावशी