ऱ्हॅब्डोमायोसार्कोमात ‘फॉक्सओ1’ची तपासणी टाळली तर चालेल का?

पुतण्याला ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा (स्नायूंच्या कच्च्या पेशींसारख्या पेशींचा कर्करोग) आहे आणि परळच्या टाटा रुग्णालयात फॉक्सओ1 या जनुकाची ही तपासणी सांगितली आहे, असं तुम्ही लिहिलंय. टाळू नका.

या कर्करोगाच्या अल्व्हिओलर प्रकारात बहुतेकदा 2 आणि 13 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन पॅक्स3 आणि फॉक्सओ1 ही जनुकं जोडली जातात. कधी पॅक्स7 आणि फॉक्सओ1. त्यातून बनणारं प्रथिन पेशीला धड स्नायू होऊ देत नाही, नुसतं वाढवत ठेवतं. अशी जोड असेल तर आजार जास्त आक्रमक धरतात आणि उपचार त्या हिशेबाने आखतात. काही गाठी सूक्ष्मदर्शकाखाली अल्व्हिओलर दिसतात, पण जोड नसेल तर एम्ब्रियोनल या दुसऱ्या, तुलनेने कमी आक्रमक प्रकारासारख्या वागतात. म्हणून नुसत्या स्लाइडवर भागत नाही.

सहसा पुन्हा सुई टोचावी लागत नाही, बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) पुरतो. बायोप्सी बाहेर झाली असेल तर ब्लॉक आजच मागवा. दिवस जातात ते यातच.

आणि ही जोड आईवडिलांकडून आलेली नसते, वहिनींना कुणी बोल लावू नये. टीपी53 किंवा डायसर1 या जनुकांमधला आनुवंशिक बदल थोड्याच मुलांत सापडतो. तरी घरात कुणाला कमी वयात कर्करोग झाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.