रोज जवळ बाळगायचा घडीचा चाकू: पोलादाच्या नावाआधी पात्याची जाडी बघा

तुम्ही लिहिलंय की पुण्यात पुस्तकांच्या गोदामात काम आहे, सुट्टीला सह्याद्रीत भटकंती असते आणि मे महिन्यात देवगडला गावी जाणं होतं. या सगळ्याला पुरेल असा एकच घडीचा चाकू हवाय. मनात भरलाय तो डी-२ पोलादाचा, काळ्या पात्याचा, एका हाताने उघडणारा लायनर लॉकवाला (उघडं पातं मुठीतली पत्र्याची पट्टी अडवून धरते तो), जवळजवळ चार मिलिमीटर जाडीचा. माझं स्पष्ट मत सांगतो: तो घेऊ नका. पातळ पात्याचा, साधा, स्टेनलेसचा घ्या.

जाहिरातींमध्ये सगळा भर पोलादाच्या नावावर असतो. पण चाकू कापतो कसा हे मुख्यतः धारेच्या लगेच मागे पातं किती जाड आहे यावर ठरतं. धार पहिला मिलिमीटर आत घुसते, पुढे पात्याच्या दोन्ही गालांना तो पदार्थ बाजूला सारावा लागतो. पातं जाड असेल तर ते कापत नाही, पाचर ठोकल्यासारखं फाकवतं. घरी एक जाडसर गाजर घेऊन बघा. चार मिलिमीटरचं पातं, धार कितीही लखलखीत असो, निम्म्यापर्यंत जातं आणि मग कट्‌कन आवाज होऊन गाजर पुढचं स्वतःच तडकतं. तडकलेली बाजू खडबडीत दिसते. पावणेदोन-दोन मिलिमीटरच्या पात्याने तीच चकती आरपार गुळगुळीत निघते. पुठ्ठ्याचंही तसंच. नालीदार पुठ्ठ्यात जाड पातं अडकतं, मग माणूस जोर लावतो आणि तो जोर अचानक सुटला की हात कापतो. हापूसची फोड बाठ्याला घासून काढायची तर पातं किंचित लवून बाठ्याच्या वळणाने गेलं पाहिजे. जाड पात्याने निम्मा गर बाठ्यालाच राहतो.

मग जाड पाती विकली का जातात? कारण ती हातात घेतल्यावर भक्कम वाटतात. पण लाकूड फोडायला, डबे उचकटायला घडीचा चाकू वापरायचाच नसतो. त्याचा कमकुवत भाग म्हणजे बिजागरी, आणि पातं जाड केल्याने बिजागरी मजबूत होत नाही.

आता पोलाद. डी-२ मुळात साच्यांचं, डायचं पोलाद. धार बराच काळ टिकवतं हे खरं. पण त्यातलं क्रोमियम साधारण १२ टक्के, आणि त्यातलंही बरंचसं कार्बनशी बांधलं गेलेलं, त्यामुळे ते पूर्ण स्टेनलेस नाही. देवगडच्या खाऱ्या हवेत, कैरीचा चीक लागलेला, पावसाळी सॅकमध्ये विसरलेला असा डी-२ चाकू टिपक्याटिपक्यांनी गंजतो. काळ्या लेपाने पात्याची बाजू वाचते, धार नाही, कारण धारेवर लेप राहतच नाही. दुसरी अडचण म्हणजे ते कठीण आहे. बोथट झालं की साध्या दगडावर धार आणायला नवख्या माणसाला घाम फुटतो. तुम्हीच लिहिलंय की धार लावायची सवय नाही. मग ज्याची धार थोडी लवकर जाते पण पाच मिनिटांत परत येते, असं पोलाद तुमच्या जास्त उपयोगाचं. स्विस चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्सची पाती कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास असतात, म्हणजे आजच्या फॅशनच्या मानाने मऊ, आणि रोजच्या वापराला ते बरंच आहे. स्वस्त चाकवांवर ‘४४०सी’ वगैरे चांगल्या स्टेनलेस पोलादाचं नाव छापलेलं असतं त्यावर जाऊ नका. शिक्का मारायला काही लागत नाही.

साधं कार्बन पोलाद हा वेगळा प्रकार. घरच्या जुन्या विळीवर आवळा चिरला की काळा पडतो, ते हेच. धार सुरेख लागते, पण प्रत्येक वेळी पुसून ठेवावं लागतं. कोकणात जून ते सप्टेंबर ते सांभाळायची चिकाटी असेल तरच घ्या.

लॉकबद्दल. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पत्र्याची पट्टी आडवी सरकून पात्याच्या बुडाशी टेकते. बंद करताना तुमचा अंगठा क्षणभर पात्याच्या वाटेत असतो. चांगल्या बनावटीत ही रचना विश्वासाची असते. स्वस्तात पट्टी पात्याच्या बुडाला कडेकडेनेच टेकते, आणि लॉक आहे या भरवशावर माणूस नको तिथे जोर देतो. बिनलॉकच्या चाकूत मुठीच्या पाठीतली स्प्रिंग पात्याला फक्त दाबून धरते. त्यात शिस्त एकच पाळायची: जोर नेहमी धारेकडून, टोकाने भोसकायचं किंवा भोक पाडायचं नाही. भोक पाडायला स्विस चाकवाला मागे वेगळा टोच्या असतो, तो त्यासाठीच आहे.

मग घ्यायचा कोणता? तुमच्यासाठी माझी पहिली पसंती ९१ मिलिमीटरच्या (ही बंद चाकूची लांबी) स्विस चाकवांतला कात्री असलेला प्रकार, उदाहरणार्थ व्हिक्टोरिनॉक्स क्लायंबर. व्हिक्टोरिनॉक्सचा संस्थापक कार्ल एल्सनरने या घराण्यातला पहिला ‘ऑफिसर’ चाकू १८९७ मध्ये नोंदवला, आणि मूळ मांडणी अजून तीच आहे. कात्रीचा आग्रह का? शहरात दिवसभरात औषधाच्या पट्ट्या, दोरे, मसाल्याच्या पुड्या, लेबलं कापायची असतात. तिथे कात्री पात्यापेक्षा जास्त वेळा बाहेर निघते, आणि चारचौघांत कुणी दचकत नाही. कात्री नको आणि दणकट हवा तर ९३ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमच्या मुठीचा पायोनियर. तो १९६१ च्या स्विस सैनिकी चाकवाच्या वळणाचा आहे, ओल्या हातातूनही निसटत नाही.

दुसरी पसंती फ्रान्सच्या साव्हुआ भागातला ओपिनेल, ७ किंवा ८ नंबर. १८९० पासूनची बनावट, लाकडी मूठ आणि १९५५ मध्ये आलेली फिरती कडी. कडी फिरवली की पातं पक्कं. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, वजन पन्नास ग्रॅमच्या आत. फळं कापण्यात त्याचा हात धरणारा कमी किमतीत दुसरा मला माहीत नाही. स्टेनलेसचाच घ्या. एक गोष्ट आधी जाणून ठेवा: मुठीचं लाकूड बीच नावाच्या झाडाचं, ते पावसाळ्यात फुगतं आणि पातं मुठीत आवळून बसतं, नखाने हलतसुद्धा नाही. तिकडचे लोक मुठीची शेपटाकडची बाजू लाकडावर हलकेच ठोकतात, मग पातं थोडं बाहेर येतं. तीच युक्ती इथेही चालते. नवीन असतानाच फटीत आणि मुठीवर जवसाचं तेल जिरवून नीट वाळू दिलं तर फुगणं बरंच कमी होतं.

गोदामातली दिवसभराची खोकी मात्र यातल्या कशानेच उघडू नका. त्यासाठी तुकडे मोडत जाणारा साधा कटरच योग्य. टेपचा गोंद आणि पुठ्ठ्यातली धूळ चांगल्या पात्याची धार आठवड्यात खाऊन टाकते.

धार लावायला हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड पुरतो. बारीक बाजू, थोडं पाणी, एका बाजूचा कोन १५ ते २० अंश. एकाच बाजूने घासत राहा, पलीकडच्या कडेला नखाला लागेल अशी बारीक खरखर येईपर्यंत. ती टोकापासून बुडापर्यंत सगळीकडे लागली की पातं उलटा. शेवटी अगदी हलक्या हाताने आलटूनपालटून, आणि चहाच्या मगच्या तळाशी जी बिनचकाकीची कडा असते तिच्यावर दोनचार फेरे. सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे विळी, कात्री जरूर द्या. हा चाकू देऊ नका, कारण कोरड्या चाकावर पातळ धार तापते आणि तिचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरतं. बिजागरीत खोबरेल किंवा गोडं तेल घालू नका, चिकटा धरतं. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, त्याचा एक थेंब पुरे, आणि फळं कापायलाही ते निर्धोक.

कायद्याचंही सांगायला हवं. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, त्यातून घरगुती आणि शेतीच्या वापराची वगळलेली आहेत. म्हणजे वरचे चाकू त्यात येत नाहीत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली सण, मोर्चे, निवडणुका अशा काळात मनाई आदेश निघतात, आणि त्यात चाकू-सुरे, लाठ्याकाठ्या बाळगण्यालाही बंदी असते. त्या दिवसांत चाकू घरीच ठेवा. एरवीही क्लिपने खिशाला अडकवून मिरवू नका, सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवा. खटक्याचा, म्हणजे बटण दाबताच उघडणारा चाकू तर अजिबात नको. दिल्लीत त्याच्यावर १९८० पासून वेगळी अधिसूचनाच आहे, आणि इथेही पोलिसांना पटेल असं कारण तुम्ही देऊ शकणार नाही. विमानात कोणताही चाकू हँडबॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका. तुमची बहीण लंडनला असते म्हणालात, तिच्यासाठी घ्यायचा असेल तर बिनलॉकचा आणि धार ३ इंचांपेक्षा कमी असलेलाच घ्या. तिथे लॉकवाला चाकू सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगणं गुन्हा आहे, आणि ओपिनेलची कडी हाही लॉकच.

शक्य असेल तर दुकानात हातात घेऊन बघा. उघडून पातं डावीकडे-उजवीकडे हलवा, हलता कामा नये. उजेडासमोर बंद करून धार स्प्रिंगला आपटत नाही ना तेही पाहा. आणि तुम्ही डावखुरे असाल तर कळवा. नखाने उघडायची खाच आणि कात्री बहुतेक चाकवांत उजव्या हाताच्या सोयीची असते, मग मी वेगळा चाकू सुचवेन.