माहेरचे नाव, सासरचे नाव आणि अमेरिकी नागरिकत्वाचा अर्ज

प्रश्न : माझा जन्मदाखला व पदवी प्रमाणपत्र माहेरच्या नावाने आहे, तर पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड सासरच्या. नागरिकत्वाच्या अर्जात ही तफावत अडचणीची ठरेल का?
– एक वाचक भगिनी, न्यू जर्सी

उत्तर : तफावत असणे हा दोष नाही, ती न सांगणे मात्र अडचणीचे ठरू शकते. नागरिकत्वासाठीच्या एन-४०० या अर्जात सध्याचे कायदेशीर नाव आणि जन्मापासून वापरलेली इतर नावे अशी वेगवेगळी विचारणा असते. आपल्याकडे लग्नानंतर वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते, आडनाव बदलते आणि कित्येकदा मुलीचे पाळण्यातले नावही बदलते. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याला ही रीत ठाऊक असेलच असे नाही, म्हणून माहेरचे संपूर्ण नाव तेथे अवश्य लिहावे. विवाह नोंदणी प्रमाणपत्र हा मुख्य पुरावा होय. मात्र पहिले नाव बदलल्याचा उल्लेख त्यात नसेल आणि तो बदल महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध झालेला असेल, तर त्याची प्रतही जोडावी. मराठी दाखल्यांचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागते, आणि ते अचूक असल्याचे व आपण ते करण्यास सक्षम असल्याचे भाषांतरकाराने स्वाक्षरीनिशी प्रमाणित करावे लागते.

माहेरचे नाव परत घ्यावेसे वाटत असल्यास याच अर्जात तशी विनंती करता येते. तो बदल न्यायालयाच्या अधिकारातला असल्याने शपथविधीही न्यायालयामार्फतच व्हावा लागतो. पुढे ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना भारत सरकार देते ते ओळखपत्र) जुना भारतीय पासपोर्ट दाखवताना नावातला फरक पुन्हा सिद्ध करावा लागेल, हे ध्यानात ठेवूनच निर्णय घ्यावा.