यूकॉनचे जुने पॉइंट गार्ड भारी की आताचे?

तुम्ही विचारलंय, अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या म्हणजे यूकॉनच्या पुरुष बास्केटबॉल संघाला 2011 च्या केंबा वॉकरच्या तोडीचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून डाव रचणारा खेळाडू, पुन्हा मिळालाच नाही, हे खरं का? केंबाच्या तोडीचा खेळाडू मिळाला नाही, हे मान्य. पॉइंट गार्ड मात्र मिळाला, आणि माझ्या मते त्या कामात केंबाहून सरस: ट्रिस्टन न्यूटन.

मी गोव्यातल्या फोंड्याचा. कॉलेजात हीच जागा खेळायचो, कारण उंची बेताची आणि दुसरीकडे कुठे कोणी उभं करेना. फुटबॉलमध्ये हयात गेलेले आमचे सर बाजूने ओरडायचे, "पात्रांव (म्हणजे साहेब), बॉल सोड!" तेव्हा राग यायचा. केंबाचे व्हिडिओ पाहून डोकं फिरलेलं होतं ना.

त्या डोकं फिरण्याला कारणही तसंच होतं. 2011 मध्ये यूकॉन बिग ईस्ट लीगमध्ये नववा आला होता. मग लीगच्या स्पर्धेत पाच दिवसांत पाच सामने, पाचही जिंकले, आणि त्यात एकट्या केंबाचे 130 गुण. पिट्सबर्गविरुद्ध 74-74 असताना त्याच्यासमोर गॅरी मॅगी हा बास्केटजवळ खेळणारा धिप्पाड सेंटर आला. केंबाने पुढे झेप घेतल्याचं दाखवून पाऊल मागे घेतलं, मॅगी खाली बसला आणि वेळ संपल्याच्या बझरसोबत चेंडू जाळ्यात. ते मी किती वेळा पाहिलं असेन, देव जाणे. पुढे राष्ट्रीय विजेतेपदही आलं, पण त्या अंतिम सामन्यात केंबाचे 19 पैकी फक्त 5 शॉट पडले, हे कोणी सांगत नाही. यूकॉन 53, बटलर 41. बचावाने जिंकलेला सामना तो.

आमच्याकडे जत्रेच्या नाटकात एक नायक असतो. वाक्य विसरला तरी पदरचं काहीतरी ठोकून वन्स मोअर घेतो. आणि विंगेत पुस्तक धरून एक प्रॉम्प्टर उभा असतो. यूकॉनमध्ये ही दोन्ही घराणी आहेत. 1999 च्या विजेत्या संघातला खलिद एल-अमीन आणि केंबा हे नायक. 2004 च्या विजेत्या संघातला टॅलिक ब्राउन प्रॉम्प्टर. त्याचे 722 असिस्ट, म्हणजे सोबत्याच्या बास्केटला कारण ठरलेले पास, हा विद्यापीठाचा विक्रम, पण नाव निघतं ते त्याच संघातल्या एमेका ओकाफोर आणि बेन गॉर्डनचं.

शबाझ नेपियरला मी या दोन घराण्यांच्या मध्ये ठेवतो. 2011 मध्ये तो केंबाच्या हाताखाली, बेंचवरून येणारा नवखा पोरगा होता. पुढे अभ्यासाच्या निकषांत संघ नापास झाल्याने 2013 ला पोस्टसीझन, म्हणजे मोसमाअखेरच्या स्पर्धांवर, बंदी आली, काही जण सोडून गेले, हा राहिला. 2014 ला सातव्या सीडवरून, म्हणजे आपल्या गटात सातवं मानांकन असताना, राष्ट्रीय विजेतेपद! त्याआधी कुणी सातव्या सीडने ते जिंकलं नव्हतं. फ्लोरिडा विद्यापीठाला त्याने त्याच मोसमात, 2013 च्या डिसेंबरमध्ये, बझरवर हरवलं, मग फ्लोरिडा सलग 30 सामने जिंकला आणि उपांत्य फेरीत पुन्हा यूकॉनकडूनच हरला.

आता न्यूटन. ईस्ट कॅरोलायना विद्यापीठातून आला, उंची सहा फूट पाच इंच. 2023-24 मध्ये सरासरी 15 गुण आणि 6 असिस्ट. केंबाचे 23.5 गुण होते, म्हणून लोक तिथेच हिशोब मिटवतात. पण केंबाच्या काळात शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला मिळणारा वेळ, 35 सेकंदांचं होतं, आता 30 आहे. तीन गुणांची रेषा 20 फूट 9 इंचांवर होती, ती 22 फूट पावणेदोन इंचांवर गेली. शिवाय न्यूटनच्या बाजूला स्टीफन कॅसल, कॅम स्पेन्सर, डोनोव्हन क्लिंगन असे तगडे सोबती. अशा संघात चेंडू धरून बसणं म्हणजे चूकच. त्याने तो सोडला, आणि 2023 व 2024 मिळून राष्ट्रीय स्पर्धेतले बाराही सामने यूकॉनने दहाच्यावर फरकाने जिंकले.

2024 चा अंतिम सामना आपल्याकडे संसार पाडव्याच्या, म्हणजे गुढीपाडव्याच्या, सकाळी होता. आई गुढीसाठी हाका मारतेय आणि मी फोनला चिकटलेलो. पर्ड्यूविरुद्ध न्यूटनचे 20 गुण, 7 असिस्ट. शेवटची पाच मिनिटं मी बाहेर काठीला साडी नेसवत होतो, कारण सामना केव्हाच संपला होता. केंबाच्या वेळी असं उठून जायची हिंमत झाली नसती, हेही खरं.

त्यानंतरच्यांबद्दल थोडक्यात. हसन डायरा राखीव म्हणून उत्तम होता, मुख्य गार्ड झाल्यावर ओझं जाणवलं. 2025 ला राष्ट्रीय स्पर्धेत फ्लोरिडाकडून दोन गुणांनी हरले. मग 2025-26 साठी जॉर्जिया विद्यापीठातून सायलस डेमरीला आणलं. उंची जवळपास न्यूटनएवढी. तुलना करायचीच असेल तर त्याची न्यूटनशी करा, केंबाशी नको.